माळ्यावरचा उंदीर, जोत्याखालची घूस

गेल्या अंकात पावसाळ्यातील घरगुती उपद्रवांविषयी लिहिताना, बिळांत पाणी शिरले की उंदीर आणि घुशी घराकडे वळतात, असे एक वाक्य ओघात लिहून गेले होते. त्या एका वाक्यावर इंदूर, महू आणि देवास येथून इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर कृंतकांना, म्हणजे कुरतडणाऱ्या दातांच्या प्राण्यांना, द्यावे लागत आहे. एका जातीचे उंदीर गेल्यावर त्यांच्या जागी दुसऱ्या जातीचे कसे येतात, हे कुतूहल बहुतेक पत्रांत होते. प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

प्रश्न : मल्हारगंजातील आमचा वाडा शंभरीच्या पुढे गेलेला आहे. माझ्या लहानपणी माळ्यावर, कवेलूंच्या (कौलांच्या) खाली, काळपट रंगाचे लांब शेपटीचे उंदीर रात्रभर धावत असत. काही वर्षांपूर्वी कवेलू उतरवून आम्ही स्लॅब घातला. त्यानंतर ते उंदीर दिसेनासे झाले, आणि आता परसदारी, जुन्या मोरीपाशी, घुशींनी जोते पोखरले आहे. घुशींनी उंदरांना हाकलले, असे समजावे काय?

उत्तर : आपल्या पत्रातच निम्मे उत्तर आलेले आहे, आणि ते ‘स्लॅब’ या शब्दात आहे. आपण वर्णन केलेला उंदीर म्हणजे प्राणिशास्त्रात ज्याला काळा उंदीर म्हणतात तो होय. त्याची शेपटी डोके आणि धड यांच्या एकत्र लांबीपेक्षाही मोठी असते, कान मोठे व पातळ असतात, आणि तारेवरून, वेलीवरून, भिंतीतल्या खुंट्यांवरूनही तो सहज वर जातो. घुशीचे सारेच याच्या उलट आहे. तिची शेपटी धडापेक्षा आखूड, मुस्कट रुंद, अंग जड आणि पुढच्या पायांत माती उकरण्याचे बळ. डिवचली तर ती केस फुलवून चक्क गुरगुरते. आपण सरसकट घूस म्हणतो त्यात खरे तर दोन जाती येतात. लहान घूस साधारण 200 ते 400 ग्रॅम भरते, तर मोठी 1 किलोच्याही पुढे जाते. इंग्रजीने तिला दिलेले बँडिकूट हे नाव तेलुगूतील ‘पंदिकोक्कु’, म्हणजे डुक्करउंदीर, यावरून आलेले आहे. (आपल्या इंदुरात मात्र हिंदीभाषक शेजाऱ्याला ‘आमच्याकडे घूस फार आहे’ असे सांगितले, तर तो आधी आवाज खाली आणून कोणत्या खात्यात, असे विचारतो.)

या दोन प्राण्यांची एका घरात वाटणी झालेली असते आणि ती बहुधा वर-खाली अशी असते. माळा, आढे, वासे आणि कवेलूंखालची पोकळी काळ्या उंदराकडे. जोते, मोरी, परसातला उकिरडा आणि अंगणाची माती घुशीकडे. आपण कवेलू काढले तेव्हा वरचा भाडेकरू बेघर झाला. खालच्याच्या वाट्याला मात्र कोणी हात लावला नाही. तेव्हा घुशींनी उंदरांना हाकलले असे म्हणण्यापेक्षा, वरचे घर मोडल्यावर उंदरांना खाली उतरून राहणे घुशींमुळे शक्य झाले नाही, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. जमिनीवर गाठ पडली की दुपटीने जड असलेला प्राणी सहसा वरचढ ठरतो, आणि बरेचदा चावाचावीची वेळही येत नाही, कारण हलक्या अंगाचा प्राणी वासावरूनच रस्ता बदलतो.

हेच मोठ्या प्रमाणावर आपल्या दोन महानगरांत घडलेले आहे. प्लेगच्या काळात, म्हणजे 1896 नंतरच्या वर्षांत, मुंबईतील उंदरांची कसून पाहणी झाली. परळच्या ज्या प्रयोगशाळेला पुढे हाफकिन संस्था हे नाव मिळाले, तिच्या आश्रयाने झालेल्या त्या तपासात शहरात मुख्यतः दोन जाती नोंदल्या गेल्या : घरात राहणारा काळा उंदीर आणि गटारात राहणारा तपकिरी उंदीर. प्लेगची साथ आधी तपकिरी उंदरांत, काही दिवसांनी काळ्या उंदरांत आणि त्यानंतर माणसांत, अशी पायरीपायरीने चढते, हे त्याच तपासात दिसून आले. त्यानंतर सुमारे अर्धशतकाने मुंबई आणि कलकत्ता येथील गोदामांत पुन्हा पिंजरे लावले गेले, तेव्हा लहान घूस ही तेथील प्रमुख रहिवासी होऊन बसली होती. शेतातून आलेल्या या जातीने बंदरावरच्या तपकिरी उंदरालाही मागे टाकले होते. घूस बिळात धान्याचा साठा करते, बिळाचे तोंड आतून मातीने बुजवून घेते आणि वर्षभर वीत राहते. अशा जनावराला गोदाम म्हणजे कधीच न संपणारे खळे.

आपल्या घरात नेमके कोण आहे, हे ओळखण्याचा एक सोपा उपाय सांगतो. रात्री निजण्यापूर्वी मोरीच्या तोंडाशी आणि भिंतीच्या कडेने हातभर रुंदीचा, अगदी पातळ असा रांगोळीचा थर चाळणीने भुरभुरावा. सकाळी तिरपा उजेड पडला की त्यावर पावले स्पष्ट दिसतात. रामबागेतील एका ओळखीच्या घरी हा प्रयोग केला, तेव्हा चुलीच्या ओट्याखाली टाचणीच्या डोक्याएवढ्या बोटांचे ठसे होते, दाराशी रुंद पंजे होते, आणि रुंद पंज्यांच्या मधून शेपटी ओढल्याची रेघ गेली होती. यजमानांचा समज असा होता की घरात एकच उंदीर आहे. लेंड्यांवरूनही ओळख पटते : लहान उंदराची लेंडी तांदळाच्या कणीएवढी, काळ्या उंदराची सुमारे 1 सेंटिमीटरची, टोकदार आणि किंचित वाकडी, तर घुशीची तिच्याहून जाड आणि मोठी.

प्रश्न : माणसाला ताण येतो हे कळते, पण एका उंदरामुळे दुसऱ्या जातीच्या उंदराला ताण येतो, असे आपण मागे एका व्याख्यानात म्हणालात. हा ताण मोजतात तरी कसा? आणि मोजून काय कळते? (तिलकनगर, इंदूर)

उत्तर : ताण ही कल्पना मुळात उंदरांवरूनच वैद्यकात आली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. 1936 साली हान्स सेल्ये यांनी प्रयोगशाळेतील उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम अशा निरनिराळ्या गोष्टींना तोंड द्यावयास लावले आणि कारण कोणतेही असले तरी शरीराचा प्रतिसाद पुष्कळसा सारखाच असतो, असे दाखवून दिले : मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी सुजतात, रोगप्रतिकाराची इंद्रिये आक्रसतात, जठरात व्रण पडतात. या प्रतिसादाच्या मुळाशी मेंदूपासून अधिवृक्क ग्रंथीपर्यंत पोचणारी संप्रेरकांची एक साखळी आहे. तिच्या शेवटी जे संप्रेरक रक्तात उतरते ते माणसात आणि खारींत प्रामुख्याने कॉर्टिसॉल असते, उंदरांत कॉर्टिकोस्टेरॉन. थोडा वेळ ते उपकारकच असते, कारण साठवलेली साखर मोकळी करून ते प्राण्याला पळायला किंवा लढायला बळ देते. दिवसेंदिवस ते चढेच राहिले, तर वाढ खुंटते, प्रजनन मंदावते आणि जंतांपासून विषाणूंपर्यंत सर्वांना शरीराची दारे उघडी होतात.

मोजण्यात अडचण अशी आहे की प्राणी हातात धरणे हाच मोठा ताण असतो. पकडल्यापासून दोनतीन मिनिटांच्या आत रक्त घेतले नाही, तर जे मोजले जाते ती आपल्याच हाताची भीती असते. म्हणून रानातल्या प्राण्यांसाठी संशोधक पिंजऱ्याखाली पडलेल्या लेंड्या गोळा करतात, त्या लगेच गोठवतात आणि संप्रेरकाचे विघटन होऊन उरलेले पदार्थ त्यांत मोजतात. लेंडी मागच्या काही तासांचा हिशेब देते; पकडले जाण्याच्या क्षणाचा गोंधळ तिच्यात अजून उतरलेला नसतो. ज्या वस्तूला आपण नाक मुरडतो, तीच येथे सर्वांत प्रामाणिक साक्षीदार ठरते.

या पद्धतीने झालेले सर्वांत बोलके काम इटलीतील खारींवर आहे. तेथील मूळची खार तांबडी आणि अंगाने लहान. 1948 साली तुरिनजवळ अमेरिकेतली करडी खार आणून सोडण्यात आली आणि ती उत्तर इटलीत पसरली. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जेथे करड्या खारी पोचल्या आहेत अशा वनांतील तांबड्या खारींच्या लेंड्यांत ताणाच्या संप्रेरकांचे प्रमाण, केवळ तांबड्याच खारी असलेल्या वनांच्या तुलनेत, सुमारे तिप्पट आढळले. येथवर कोणी असा आक्षेप घेऊ शकला असता की ती वनेच निकृष्ट असतील. पण संशोधकांनी काही वनांतून करड्या खारी पकडून कमी केल्या, आणि तेथील तांबड्या खारींमधील प्रमाण उतरले. हे दुसरे पाऊल मला पहिल्याहून अधिक मोलाचे वाटते. कारण काढून घेतल्यावर परिणाम ओसरला, तरच ते कारण खरे.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की करडी खार तांबडीला क्वचितच चावते. ती तांबडीने पुरून ठेवलेली कवचफळे शोधून खाते. ओकची फळे ती तांबडीपेक्षा चांगली पचवते. आणि हिवाळा संपता संपता तांबडीची पुरलेली बेगमीच नाहीशी झालेली असते. तांबड्या माद्यांचे वजन घटते, त्या कमी वेळा वितात, पिल्ले टिकत नाहीत. ब्रिटनमध्ये याच्या जोडीला खारींची देवी हा रोग आहे. करडी खार तो विषाणू बाळगूनही ठणठणीत राहते आणि तांबडी मरते. ताणाने खालावलेल्या प्राण्याला रोग अधिक लवकर गाठत असेल, ही शंका रास्त आहे, परंतु ती शंका म्हणूनच वाचावी.

सगळा ताण परक्या जातीचाच असतो, असेही नाही. आपल्याच जातीचा अनोळखी प्राणी पुष्कळदा त्याहून जाचक ठरतो. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ बार्नेट यांनी 1950 च्या दशकात तपकिरी उंदरांच्या वसलेल्या टोळीत एखादा अनोळखी नर सोडला. टोळीच्या मुख्य नराने त्याला पुन्हापुन्हा धमकावले, आणि असे पाहुणे कधी काही तासांत, कधी काही दिवसांत मेले. त्यांच्या अंगावर जीव जाईल अशी जखम बहुधा नसे. त्याच सुमारास अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात काही वस्त्यांमध्ये बाहेरचे उंदीर मुद्दाम आणून सोडण्यात आले. संख्या वाढेल अशी कोणाचीही अपेक्षा असती. घडले ते उलट, आणि एकूण उंदीर पूर्वीपेक्षा कमी झाले. बसलेली घडी मोडली, भांडणे वाढली आणि प्रजनन घटले.

प्रश्न : ज्या घरात चिचुंद्री असते तेथे उंदीर राहत नाहीत, असे आमची आजी सांगत असे. हे खरे आहे का? (देवास)

उत्तर : चिचुंद्री उंदरांच्या गणातलीच नव्हे. तिचे दात आयुष्यभर वाढणारे, कुरतडणारे नसून बारीक टोकदार असतात, आणि ती झुरळे, गांडुळे, किडे खाते. धान्यावरून तिचे उंदराशी भांडण होण्याचे कारण नाही. तिच्या उग्र वासामुळे मांजर तिला तोंडात धरून टाकून देते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण मी एकाच मोरीतून रात्री आधी चिचुंद्री आणि थोड्या वेळाने उंदीर बाहेर पडताना पाहिलेला आहे. आजींच्या म्हणण्यातला उपयोगी भाग एवढाच की चिचुंद्रीला मारू नये.

प्रश्न : मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. एकाच जागेवर एकच अन्न खाणाऱ्या दोन जाती फार काळ नांदू शकत नाहीत, असे पुस्तकात शिकवतात; पण आमच्या अंगणात तीन प्रकारचे उंदीर आहेत आणि तिन्ही वर्षानुवर्षे आहेत. पुस्तक चुकते की अंगण? (रामबाग, इंदूर)

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत, आपण अंगण एकच धरले, तेथे गफलत झाली. जागेची वाटणी पहिल्या उत्तरात आली. वेळेची वाटणी त्याहून मनोरंजक आहे, आणि इंदूरकराला ती समजावून सांगावी लागू नये. आपल्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो आणि रात्री त्याच दुकानांच्या पायऱ्यांपुढे भुट्ट्याचा कीस आणि गराडू यांच्या गाड्या लागतात. जागा तीच, पण सराफाचे आणि खोमचेवाल्याचे भांडण नाही, कारण एकाचे शटर पडल्यावर दुसऱ्याची शेगडी पेटते.

इस्रायलमध्ये मृत समुद्राजवळच्या खडकाळ भागात काटेरी केसांच्या उंदरांच्या दोन जाती राहतात. कैरोच्या नावाने ओळखली जाणारी जात रात्री हिंडते, सोनेरी जात दिवसा, तेही अशा वाळवंटात जेथे दिवसा बाहेर पडणे म्हणजे पाणी गमावणे. 1970 च्या सुमारास श्कोल्निक या संशोधकाने तेथून रात्रीची जात पकडून बाजूला केली, तेव्हा सोनेरी उंदीर रात्रीही बाहेर पडू लागला. त्याच्या डोळ्यांची ठेवण आणि शरीरातले घड्याळ आजही निशाचराकडे झुकणारे आहे. नंतरच्या प्रयोगांत मात्र, प्रतिस्पर्धी काढल्यावरही तो दिवसाची सवय पूर्णपणे सोडत नाही, असे दिसले. पिढ्यान् पिढ्यांची तडजोड अंगवळणी पडली की ज्याच्यामुळे ती केली तो गेल्यावरही मागे उरते.

इस्रायलमधीलच नेगेव्ह वाळवंटाच्या वाळूत असेच दोन जातींचे जर्बिल उंदीर आहेत. दुपारच्या वाऱ्याने वाळू हलते आणि त्यावर ताजे बी उघडे पडते. मोठी जात संध्याकाळ होताच येऊन ते भरभर खाते, आणि लहान जात रात्रीच्या उत्तरार्धात येऊन उरलेसुरले टिपते. हे मोजण्याची रीत आपण घरीही करून पाहू शकता. ताटलीत वाळू घालून तीत मोजून दाणे मिसळावेत आणि सकाळी किती उरले ते मोजावे. दाणे जसजसे विरळ होतात तसतसा शोधण्याचा खर्च वाढतो, आणि ज्या टप्प्यावर प्राणी ताटली सोडतो त्यावरून त्याला भीती किती आणि भूक किती हे कळते. दबावाखालचा प्राणी ताटलीत अधिक दाणे सोडून जातो. आपल्या अंगणात एक ताटली भिंतीलगत आणि एक मोकळ्यावर ठेवा, आणि आठ दिवसांचे आकडे मला जरूर कळवा. दाण्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुण्यास मात्र विसरू नये.

प्रश्न : परके प्राणी येऊन स्थानिकांना उखडतात, असे आपण नेहमी वाचतो. स्थानिक प्राणी त्या भूमीला हजारो वर्षे सरावलेले असताना परका जिंकतो कसा? (महू)

उत्तर : प्रथम एक गोष्ट मान्य करू. या विषयात परके म्हणून जे दोन सर्वांत कुप्रसिद्ध आहेत, ते काळा उंदीर आणि लहान घरउंदीर, त्यांचे माहेर आपल्याच बाजूचे आहे. काळ्या उंदराचे मूळ भारतीय उपखंडात मानतात, आणि घरउंदराचेही मूळ इराणपासून उत्तर भारतापर्यंतच्या पट्ट्यातले. गलबतांतून ते जगभर गेले. आपल्या आंब्यावर खेळणारी पाच पट्ट्यांची खारसुद्धा 1898 साली पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून सुटून ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली. तेव्हा घुसखोर हा स्वभाव नाही, तो पत्त्यावर अवलंबून आहे.

जिंकणे हरणेही पत्त्यावरच अवलंबून असते, आणि त्याचे न्यूझीलंडइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. तेथे प्रथम पॉलिनेशियन दर्यावर्दींबरोबर तेराव्या शतकाच्या सुमारास किओरे नावाचा छोटा उंदीर आला. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय जहाजांतून तपकिरी उंदीर उतरला, आणि एकोणिसाव्या शतकात काळा उंदीर पसरला. किओरे मुख्य भूमीवरून जवळजवळ हटला आणि काही बेटांपुरता व दूरच्या कोपऱ्यांपुरता उरला. आता गंमत पाहा. युरोपात अठराव्या शतकात तपकिरी उंदराने काळ्याला शहरांतून मागे रेटले. न्यूझीलंडच्या अरण्यात मात्र आज काळाच सर्वत्र आहे आणि तपकिरी ओढे, पाणथळी आणि वस्त्यांपुरता आहे. मल्ल तेच दोन, निकाल उलट. गटारांच्या शहरात अंगाचे वजन उपयोगी पडते, उंच झाडांच्या रानात चढण्याची कला. आपल्या वाड्यातल्या कवेलूंची गोष्ट हीच आहे, फक्त तेथे ती देशभर पसरली आहे.

रिकामी जागा असेल तर परक्याला स्पर्धा करावीच लागत नाही. 2004 साली न्यूझीलंडच्या संशोधकांनी रेडिओपट्टा बांधलेला रॅझा नावाचा एकच तपकिरी नर एका उंदीररहित बेटावर मुद्दाम सोडला. पिंजरे, आमिषे, माग काढणारी कुत्री, सर्व काही वापरूनही तो 18 आठवडे हाती लागला नाही, आणि मध्येच 400 मीटर समुद्र पोहून दुसऱ्या बेटावर गेला. जेथे आधीच उंदरांची वस्ती आहे, तेथे त्याला अशी मोकळीक मिळती ना. त्या बेटावर ना कोणाचा वास, ना कोणाची हद्द, त्यामुळे पिंजऱ्याच्या वाटेने जाण्याचेही त्याला कारण नव्हते.

उलट बाजूही तपासली गेली आहे. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावर जर्व्हिस बे येथे स्थानिक रानउंदीर आणि परका काळा उंदीर एकत्र राहतात. तेथे काळे उंदीर काढल्यावर रानउंदरांची संख्या वाढली, म्हणजे ते दबून होते हे सिद्ध झाले. यावरून पुढे सिडनी बंदराच्या भोवतालच्या झाडीत रानउंदीर परत आणून वसवण्याचा प्रयत्न झाला, अशा हेतूने की एकदा हद्दी धरून बसलेले स्थानिक काळ्यांना आत येणे अवघड करतील. आधी बसलेल्याचे पारडे जड असते. आपल्याकडे आयत्या बिळावरचा नागोबा प्रसिद्ध आहे, पण बिळात मूळ मालक सावध बसलेला असेल तर नागोबालाही विचार करावा लागतो.

मग स्थानिक हरतो कोठे? बहुधा जेथे माणसाने भूमीच बदलली तेथे. सेनेगलमध्ये घरांत राहणारा मूळचा आफ्रिकी उंदीर होता. रस्ते आणि बाजारपेठा वाढल्या तशी उत्तरेकडे घरउंदराने आणि आग्नेयेकडे काळ्या उंदराने त्याला घरांबाहेर घालवले. ते दोघेही माणसाच्या भिंतीत राहायला हजारो वर्षे शिकलेले होते. हजारो वर्षे सरावलेला स्थानिक त्या भूमीला सरावलेला असतो, सिमेंटच्या पोत्यांना आणि ट्रकांना नव्हे.

प्रश्न : सियागंजात आमचे किराण्याचे गोदाम आहे. गेल्या वर्षी माणसे बोलावून औषध घातले आणि घुशी पूर्णपणे संपल्या. तीनचार महिन्यांत बारीक चुहियांचा एवढा सुळसुळाट झाला की पोत्यांना भोके पडू लागली. औषधवाल्याने फसवले की काय?

उत्तर : औषधवाल्याने आपले काम चोख केले, हीच अडचण झाली. घूस असताना लहान उंदीर दबून असतो. मोठे उंदीर त्याला अन्नापासून दूर ठेवतात आणि सापडला तर मारूनही टाकतात. ते गेले की त्याला मोकळे रान मिळते. आपल्या गोदामात तो आधीपासून होता. दिसत नव्हता एवढेच. बेटांवरून मोठे उंदीर हटवल्यावर लहान उंदरांची संख्या एकाएकी वाढल्याचा अनुभव अनेक ठिकाणी आलेला आहे. आणि ज्या बेटावर मोठा उंदीर कधी आलाच नाही, त्या दक्षिण अटलांटिकमधील गॉफ बेटावर हा 20 ग्रॅमच्या आसपासचा घरउंदीर आकाराने वाढून अल्बट्रॉस पक्ष्यांची जिवंत पिल्ले कुरतडतो. लहान म्हणून त्याला गरीब समजू नये.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात पोर्टल येथे 1977 पासून चालू असलेल्या एका प्रयोगात हेच कुंपण घालून दाखवले गेले. वाळवंटाच्या तुकड्यांना जाळी घातली, आणि जाळीत भोके एवढीच ठेवली की मोठा कांगारू-उंदीर आत जाऊ नये, पण लहान उंदीर जावेत. काही वर्षांतच आतल्या लहान दाणेखाऊ उंदरांची संख्या बाहेरच्या तिपटीहून अधिक झाली. आपल्या गोदामात औषधाने नेमके हेच कुंपण घातले.

उपाय वेगळा हवा, कारण स्वभाव वेगळे आहेत. मोठा उंदीर नव्या वस्तूला घाबरतो. पिंजरा वा आमिष दिसले की दोनतीन दिवस तिकडे फिरकत नाही. म्हणूनच झिंक फॉस्फाइडचे 2 टक्के आमिष घालण्यापूर्वी जाणकार माणूस दोनतीन दिवस बिनविषारी दाणे घालून विश्वास कमावतो. एखादा उंदीर थोडे खाऊन आजारी पडून वाचला, की पुन्हा त्या चवीला शिवत नाही. लहान उंदीर उलट कुतूहलाने नवी वस्तू हुंगायला येतो, पण एका जागी पोटभर खात नाही. वीस ठिकाणी चिमूटभर कुरतडतो. त्याच्यासाठी एक मोठा पिंजरा निरुपयोगी. भिंतीलगत, दोनदोन मीटरवर, लहान सापळे पुष्कळ संख्येने लावावे लागतात. घुशीसाठी सापळा बिळाच्या तोंडाशी, मातीच्या ताज्या ढिगाजवळ ठेवावा लागतो. विषारी औषध स्वतः हाताळू नये, आणि खाद्यपदार्थांच्या पोत्यांजवळ ते मुळीच नको.

या साऱ्याच्या आधी दारे बंद करावी लागतील. पेन्सिल आत सरकेल एवढी फट लहान उंदराला पुरते. घूस मात्र फट शोधत बसत नाही, ती जमिनीखालून नवा रस्ता काढते. म्हणून शटरच्या खाली पत्र्याची पट्टी, मोरीला 6 मिलिमीटरची जाळी, आणि जोत्याच्या कडेने जमिनीत खोलवर काँक्रीट, अशी तिन्ही कामे एकाच वेळी करून घ्यावीत. पोती भिंतीपासून हातभर दूर आणि लाकडी फळ्यांवर ठेवावीत, म्हणजे मधल्या जागेत रांगोळी भुरभुरता येईल. पुढच्या वेळी औषधवाल्याला बोलावण्याच्या आदल्या रात्री ती भुरभुरून ठसे पाहावेत, आणि किती प्रकारची पावले आहेत ते त्याला दाखवून मगच त्याच्याशी दर ठरवावा.